संदर्भसेवा : प्रश्नामागील प्रश्न

वाचकाच्या हाती ग्रंथ देण्याइतकेच त्याच्या शंकेचे निरसन करण्यास साहाय्य करणे हेही ग्रंथपालाचे कर्तव्य होय, असे डॉ. एस. आर. रंगनाथन मानीत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. १९६२ मध्ये बंगळूरु येथे त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले.

संदर्भसेवेचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. बंगळूरुत विजेचे दिवे केव्हा लागले, या प्रश्नाचे ‘१९०५’ हे उत्तर संदर्भग्रंथ उघडताच मिळते. ही तत्काल सेवा. आज जेथे कंठीरव क्रीडागार आहे, तेथील संपंगी तलाव का नाहीसा झाला, हा प्रश्न मात्र दीर्घ सेवेचा. अशा वेळी ग्रंथपालाने विद्यार्थ्यास प्रथम विचारावे : कोणत्या काळाविषयी? पाण्याविषयी, की जमिनीच्या वापराविषयी? मग जुने नकाशे, गॅझेटियर व नगरपालिकेचे अहवाल क्रमाने त्याच्यापुढे ठेवावेत.

विचारलेला प्रश्न आणि मनातील प्रश्न पुष्कळदा भिन्न असतात. हा भेद ओळखला नाही, तर अचूक उत्तरही निरुपयोगी ठरते. म्हणून ग्रंथपालाने तर्काने उत्तर देऊ नये, आधार दाखवावा. त्यामुळे विद्यार्थी पुढील उत्तर स्वतः शोधू लागतो.