वाढे, तणस आणि जनावरांची हाडे



गाळप सुरू झाले की तोडीमागून हिरवे वाढे फुकटात मिळतात. आपला भंडारा जिल्हा धानाचा, म्हणून गोठ्यात तणसही भरपूर. बैल, गाय, म्हैस यांचे दोन-तीन महिने या दोन्हींवर निघतात. पोट भरते खरे, पण हाडांची झीज होते. ती का होते आणि पोटातले जिवाणू ती कशी अडवतात, ते समजून घेऊ.

वाढ्यात काय आहे?

वाढ्यांत आणि तणशीत ऑक्झॅलेट नावाचा क्षार असतो. पोटात गेल्यावर तो कॅल्शियमला म्हणजे चुन्याच्या अंशाला घट्ट धरतो. असे धरलेले कॅल्शियम पाण्यात विरघळत नाही, शेणावाटे निघून जाते. गाईच्या १ लिटर दुधात कॅल्शियम सव्वा ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे ८ लिटर देणारी गाय रोज १० ग्रॅम बाहेर देते. चाऱ्यातून तेवढे अंगी लागले नाही, तर ती ते आपल्या हाडांतून काढते. अंगातले ९८ टक्क्यांहून जास्त कॅल्शियम हाडांत आणि दातांतच असते. ही उचल बरेच दिवस चालली की जनावर खंगते, लंगडते, दूध आटते.

जिवाणूंचे काम

रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात कोट्यवधी जिवाणू असतात. चाऱ्यातला काष्ठांश तेच कुजवतात. त्यांपैकी काही ऑक्झॅलेट खाऊन जगतात. अशा एका जिवाणूला १९८५ साली ‘ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनिस’ हे नाव दिले गेले. तो ऑक्झॅलेट फोडतो आणि कॅल्शियम मोकळे राहते. घोड्याला कोटीपोट नसते. म्हणून ऑस्ट्रेलियात ऑक्झॅलेटच्या गवतावर चरणाऱ्या घोड्यांच्या तोंडाची हाडे सुजतात, त्याच गवतावर गाई बहुधा निभावतात.

पण हे जिवाणू एका दिवसात वाढत नाहीत. उपाशी जनावराला एकदम पोटभर वाढे टाकले, तर ऑक्झॅलेट जास्त आणि फोडणारे कमी, असे होते. पोटात आंबट वाढले तरी जिवाणू मरतात. म्हणून एकदम जास्त दाणा किंवा गूळ देणेही वाईटच.

काय करावे?

१) वाढे ८-१० दिवसांत हळूहळू वाढवावेत. पहिल्या दिवशी थोडेच द्यावेत.

२) वाढे आणि तणस एवढ्यावरच ठेवू नये. तूर-हरभऱ्याचे कुटार किंवा चवळी, बरसीम, लसूणघास मिसळावे. द्विदल चाऱ्यात कॅल्शियम जास्त असते.

३) कळीचा चुना पाण्यात विरवून रात्रभर ठेवावा आणि वरची निवळी कुट्टीवर शिंपडावी. गाळ देऊ नये. पण १ लिटर निवळीत कॅल्शियम जेमतेम १ ग्रॅम उतरते, एवढ्यावर भागत नाही.

४) म्हणून मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण द्यावे. त्यात सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे १० ग्रॅम कॅल्शियम असते.

५) गाय व्याल्यावर बसली, उठेना, कान गार पडले, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. पशुवैद्यकाला लगेच बोलवावे.

माणसाचे काय?

आपल्या आतड्यातही जिवाणू आहेत आणि त्यांचा हाडांशी संबंध आहे का, याचा शोध चालू आहे. स्वीडनमध्ये ७५ ते ८० वयाच्या ९० स्त्रियांना वर्षभर एक जिवाणू पावडर दिली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, ती घेणाऱ्यांची हाडाची झीज न घेणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास होती. पण २०२४ साली आलेल्या मोठ्या, दोन वर्षांच्या चाचणीत, पाळी गेलेल्या स्त्रियांत काहीच फरक दिसला नाही. तेव्हा ‘हाडे बळकट करणारे जिवाणू’ म्हणून कोणी महाग डबा विकायला आला, तर घाई करू नका. घरचे दही-ताक खावे. त्यात जिवाणूही आहेत आणि कॅल्शियमही.

मात्र घरची सारी साय, सारे दूध डेअरीला जाते आणि घरच्या बाईच्या वाटीला दही उरत नाही, असे होऊ देऊ नये. गाईला क्षार मिश्रण लागते, तसे तिलाही दूध-दही लागते.

— ऊस विकास अधिकारी