आमचा सोलरचा दिवा लवकर का विझत होता?

(इयत्ता चौथी)



आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटर लांब मळ्यात आहे. तिथे विजेचे खांब आलेले नाहीत. म्हणून आमच्या पत्र्यावर सोलरचे पॅनेल बसवले आहे. दिवाळीनंतर आमचा दिवा रोज लवकर विझू लागला. त्याचे कारण आम्ही कसे शोधले ते मी या लेखात लिहीत आहे.

सोलरचे चार भाग

पहिला भाग पॅनेल. आमचे पॅनेल 75 वॅटचे आहे. त्यावर काळसर निळे 36 चौकोन आहेत. त्यांना सेल म्हणतात. सेल सिलिकॉनचे असतात. त्यांच्यावर ऊन पडले की वीज तयार होते. उजेडापासून वीज होते हे 1839 साली फ्रान्समधल्या एडमंड बेकरेल यांना दिसले. तेव्हा ते फक्त 19 वर्षांचे होते. सिलिकॉनचा चांगला सेल 1954 साली अमेरिकेत झाला.

दुसरा भाग कंट्रोलर. ही भिंतीवरची लहान डबी असते. ती बॅटरीला जास्त चार्ज होऊ देत नाही आणि बॅटरी फार रिकामी झाली की दिवा बंद करते.

तिसरा भाग बॅटरी. ती 12 व्होल्टची आहे. आत 6 कप्पे असतात, प्रत्येक कप्प्याचे 2 व्होल्ट. 6 गुणिले 2 बरोबर 12. कप्प्यात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी घातलेले सल्फ्युरिक आम्ल असते.

चौथा भाग दिवे. आमच्याकडे 5 वॅटचे तीन दिवे आहेत.

काय झाले?

आधी दिवा रात्री दहापर्यंत जळायचा. मग आठला विझू लागला, मग साडेसातला. माझी ताई दहावीला आहे. तिचा अभ्यास होईना. आजीने माळ्यावरची चिमणी काढली, पण रॉकेल कुठले? आजी म्हणाली, "यंदा बाजरी एवढी पिकली, अन् घरात अंधार!"

बाबांनी एका दुकानात विचारले. तो माणूस बॅटरी न बघताच म्हणाला, "बॅटरी गेली. नवीन घ्या." नवीन बॅटरीला पाच हजार लागणार होते. बाबा म्हणाले, "मंगळवारच्या बाजारात चांदीला विकू." चांदी ही आमची शेळी. तिला मी करडू असल्यापासून सांभाळले आहे. मला रात्री जेवण गेले नाही.

मी शाळेत गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, "आधी हिशेब मांड. मग बॅटरीला नाव ठेव."

जमा-खर्चाचा हिशेब

खर्च : तीन दिवे, 5 वॅट, 4 तास. 3 × 5 × 4 = 60. मोबाईलचे साधारण 30 धरले. एकूण 90 वॅट-तास.

जमा : पॅनेल 75 वॅटचे. चांगले ऊन 4 तास धरले तर 75 × 4 = 300. गरम होणे, धूळ, वायर यांत बरेच वाया जाते. तरी 200 तरी उरावेत.

म्हणजे जमा खर्चाच्या दुप्पट हवी. नवीन दिवा तर आम्ही लावला नव्हता. मग एकतर जमा कमी होत होती, नाहीतर बॅटरी साठवत नव्हती.

तपासणी

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गुरुजी मोटार भरणाऱ्या मिस्त्रींना घेऊन आमच्या वस्तीवर आले. त्यांच्याकडे मीटर होते. गुरुजी म्हणाले, "सूर्यापासून दिव्यापर्यंत वाटेने चालायचे. मध्येच उडी मारायची नाही."

1. पॅनेल : धूळ होती. बाबांनी ओल्या फडक्याने पुसली. वायर सोडवून उन्हात मोजले तर 20 व्होल्ट आले. म्हणजे पॅनेल चांगले.

2. वायर आणि फ्यूज : वायर तुटलेली नव्हती. फ्यूज शाबूत होता.

3. बॅटरीची टोके : एका टोकावर हिरवट पांढरी भुकटी जमली होती. अशी भुकटी असली की वीज नीट जात नाही. मिस्त्रींनी वायर काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने टोक धुतले, पुसले, घट्ट बसवले आणि वर व्हॅसलीन लावले.

4. बॅटरीचे पाणी : दोन कप्प्यांत कमी होते. बाटलीतले डिस्टिल्ड वॉटर घातले. विहिरीचे पाणी घालायचे नाही, कारण त्यातल्या क्षारांनी बॅटरी खराब होते.

5. बॅटरीचे व्होल्ट : भरलेली बॅटरी थोडा वेळ तशीच ठेवून मोजली तर 12.6 च्या वर दाखवते. आमची 11.9 होती. मिस्त्री म्हणाले, "ही मेलीय का नुसती उपाशी आहे, ते पोटभर खायला घालून बघू." ते बॅटरी गावात घेऊन गेले आणि रात्रभर चार्जरवर लावली.

रविवारी संध्याकाळी बॅटरी घरी आली. दिवा दहा वाजेपर्यंत जळला! म्हणजे बॅटरी मेली नव्हती. तिला रोज पोटभर मिळत नव्हते. पण का?

खरे कारण

शनिवारी जाताना गुरुजींनी मला विचारले होते, "आपण दुपारी तीनला पाहिले. सकाळी पॅनेलवर काय होते ते कोणी पाहिले आहे?" कोणीच पाहिले नव्हते. बाबा रानात असतात आणि मी शाळेत.

म्हणून रविवारी मी सकाळपासून अंगणात बसलो आणि दर तासाला वहीत लिहिले.

9 वाजता : खालच्या तीन ओळींवर सावली.
10 वाजता : दोन ओळींवर सावली.
11 वाजता : एका ओळीवर सावली.
12 वाजता : फक्त कडेला सावली.
1 वाजता : सावली नाही.

ही सावली आमच्या सरमडाच्या गंजीची होती! बाजरी काढल्यावर बाबांनी घराच्या आग्नेयेला गंजी रचली. दरवर्षी तिथेच रचतात. पण यंदा पीक चांगले आले, म्हणून गंजी पत्र्याच्याही वर गेली.

मी गुरुजींना विचारले, "तीनच ओळींवर सावली होती, मग बाकीच्या सेलची वीज कुठे गेली?" गुरुजी म्हणाले, "विहिरीच्या कामावर माणसे ओळीने घमेली पुढे देतात. मधला एक माणूस झोपला तर काय होईल?" सगळ्यांची घमेली अडतील. 36 सेल असेच एकामागे एक जोडलेले असतात. थोड्या सेलवर सावली पडली तरी बाकीच्यांची वीज अडते.

दुसरे कारण सूर्याचे आहे. 22 डिसेंबरला आम्ही शाळेच्या मैदानात 100 सेंटीमीटरची काठी उभी केली होती. दुपारी तिची सर्वांत छोटी सावलीसुद्धा 90 सेंटीमीटरच्या आसपास होती. मे महिन्यात आपल्याकडे एक दिवस असा येतो की दुपारी काठीची सावली दिसतच नाही. थंडीत सूर्य दक्षिणेला खाली असतो, म्हणून सावल्या लांब पडतात. उन्हाळ्यात पॅनेलची जागा मोकळी दिसली तरी थंडीत तिथे सावली येऊ शकते.

सोमवारी बाबा आणि काकांनी गंजीचा वरचा भाग उतरवून लांब दुसरी लहान गंजी केली. मंगळवारी चांदी बाजारात गेली नाही.

आता दिवा साडेनऊपर्यंत जळतो. दहापर्यंत नाही. मिस्त्री म्हणाले, बॅटरी महिनाभर अर्धपोटी राहिल्यामुळे पट्ट्यांवर पांढरा थर बसला, तो सगळा जात नाही. आम्ही लवकर बघितले असते तर एवढेही नुकसान झाले नसते.

लक्षात ठेवा

1. बॅटरीला मुलांनी हात लावू नये. आम्लाने कातडी आणि डोळे भाजतात. मी फक्त बघत होतो आणि लिहीत होतो.
2. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो. जवळ काडी, बिडी, चिमणी नेऊ नये.
3. सोडताना आधी पॅनेलची वायर सोडावी, मग बॅटरीची. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल.
4. फ्यूजच्या जागी जाड तार घालू नये.
5. पॅनेल आठवड्यातून एकदा सकाळी किंवा संध्याकाळी पुसावे. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.
6. पॅनेलवर वाळवण घालू नये. (आजी, हे तुझ्यासाठी.)

पालकांना माझी विनंती आहे की दिवा लवकर विझू लागला तर लगेच शेळी विकायला काढू नका. एक दिवस सकाळी नऊ ते दुपारी एक पॅनेलकडे बघा. त्याला पैसे लागत नाहीत.

ताईची परीक्षा मार्चमध्ये आहे. ती आता रोज दिव्याखाली अभ्यास करते. चांदी खाली बसून रवंथ करते.