औषध कुठं ठेवता?

सातारा, गुरुवार

चि. छकुली,


सांगलीत खोली मिळाली, दारावर पाटीही लागली, हे दादाकडून कळलं. पाटीवर 'समुपदेशक' लिहिलंयस. या शब्दाशी माझं तीस वर्षांचं भांडण आहे. त्याच्या पोटात 'उपदेश' बसलाय, आणि येणाऱ्याच्या डोक्यातही तोच असतो. सासूला वाटतं, ताई सुनेला चार गोष्टी सुनावतील. सून मनात म्हणते, आता इथंही ऐकून घ्यायचं. अगं, उपदेशाची आपल्याकडं कधी टंचाई होती? तो ऐकून ऐकून थकलेला माणूसच तुझ्या पायऱ्या चढतो. (आणि मी तुला दोन पानं उपदेशच करणार आहे. आत्या आहे, चालायचंच.)

माणूस एकटा येणार नाही, हे धरूनच चाल. बरोबर नवरा, सासू, एखादा चुलता. सगळ्यांना बसव, पाणी दे, त्यांचंही ऐक. मग सांग की आता आम्ही दोघंच बोलू. बाहेर बसलेल्यांना राग येतो. येऊ दे. संध्याकाळी 'काय म्हणाली ती?' असा फोन येईल. गोपनीयतेचा हक्क 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच आहे, पण कलमं कशाला सांगत बसतेस. 'तिलाच विचारा' म्हण. फक्त जिवाला धोका दिसला तर मला घरी सांगावं लागेल, एवढं पहिल्याच भेटीत तिच्या कानावर घालून ठेव. आणि गणपती पेठेत कुणी समोर आलं तर आपणहून ओळख दाखवू नकोस.

आता माझी एक चूक सांगते. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. तासगावकडचे एक बागायतदार आले होते, म्हणजे बायकोनं आणलं होतं. माल तोडणीला आलेला, अवकाळीनं मणी तडकले, वर सोसायटीचं कर्ज आणि दुकानदाराची उधारी. ते मात्र 'झोप येत नाही' एवढंच म्हणाले आणि मी ते शब्दशः धरलं. रात्रीचा चहा बंद करा, लवकर आडवे व्हा, असलं सांगत बसले. उठताना म्हणाले, 'आता औषधाचंच बघाय लागंल.' मला बरं वाटलं, माणूस उपचाराला तयार झाला! डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. ते जिना उतरले, पण बायको दारातच पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. तिच्याकडं बघितलं तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. द्राक्षबागेच्या घरात औषध म्हणजे गोळी नव्हे. औषध म्हणजे फवारणीचं.

त्यांना परत वर बोलावलं. सरळ विचारलं, 'जीव द्यावासा वाटतोय का?' बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, 'मोटरीच्या खोलीत, पेटीच्या मागं ठिवलंय.' त्याच संध्याकाळी त्या खोलीची किल्ली धाकट्या भावाकडं गेली आणि दुसऱ्या दिवशी ते मनोविकारतज्ज्ञांकडं.

विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेलं भरत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. उलट ओझं उतरतं. मग दुसरा प्रश्न, औषध कुठं ठेवता? कुलूप आहे का, किल्ली कुणाकडं? 14416 हा टेली-मानसचा नंबर चिठ्ठीवर लिहून दे. तिथं रात्री-अपरात्री कुणीतरी बोलतं. आणि कुणी औषध प्यालाच, तर घरचे 'चुकून प्यायला' म्हणतील, पोलिसांच्या धास्तीनं. तेव्हा मात्र त्यांना त्याच 2017च्या कायद्याचं कलम 115 जरूर सांग. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात.

तुझ्या अभ्यासात अल्बर्ट एलिस आलाच असेल. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली ती कि. मो. फडक्यांनी, एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून. त्याचा 'मस्ट' आपल्याकडं एका अक्षरात मावतो: 'च'. मुलगा डॉक्टर झालाच पाहिजे, भावानं विचारायलाच हवं होतं. हा 'च' कानाला टोचायला लागला की नवीन पोरं हरखतात आणि पहिल्याच भेटीत त्याच्यावर झडप घालतात. बाग गेलेल्या माणसाशी अक्षरावरून वाद काय घालायचा! गेली ती गेली, हे आधी त्याच्याबरोबर बसून सोस. तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलता बोलता तोच त्या 'च'पाशी अडखळतो. तेव्हा विचार.

मनगटाला दोरा बांधून, 'बाहेरचं आहे' म्हणतही लोक येतील. हसू नकोस. दोरा बांधणाऱ्यानं निदान त्यांचं ऐकून तरी घेतलेलं असतं. दाभोलकरांच्या अंनिसची माणसं बाईची जट सोडवायला जातात, ते एकदा बरोबर जाऊन बघ. कात्रीचं काम थोडक्यात उरकतं, त्याआधीचं बोलणं महिनोन् महिने चालतं. जट कापली तर यल्लम्मा कोपेल या भीतीनं गारठलेल्या बाईपुढं देव आहे की नाही हा वाद काढला की दार बंद. मान दुखते का, कुशीवर झोपता येतं का, इथून सुरुवात. पण देवऋषाचा मार, चटके, साखळी ऐकलीस तर मात्र गप्प बसायचं नाही. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

कानात आवाज येतात म्हणणारा, जेवण सोडलेला, रात्ररात्र जागून गावभर फिरणारा, असा कुणी आला तर आपलं बोलणं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. त्यात कमीपणा नाही.

दर गुरुवारी रात्री नऊनंतर मला फोन करत जा. नाव-गाव न सांगता, नुसतं काय झालं ते. सगळं ऐकून डोक्यात साठवलंस तर तुलाच झोप लागायची नाही. आणि पुढच्या वेळी येताना किलोभर हळद आण, इथली संपत आलीय.

तुझी
आत्या