लोकसंख्येतील वाटा आणि शाळेच्या पटावरील वाटा

एखाद्या जिल्ह्यात शिक्षणाचा प्रसार किती झाला हे सांगताना आपण बहुधा शाळांची, शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची संख्या सांगतो. संख्या वाढली की प्रगती झाली, असे मानतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र यापुढचा प्रश्न विचारावा लागतो. त्या परिसरात जे समाजगट राहतात, त्यांची मुले आपापल्या लोकसंख्येच्या प्रमाणात शाळेत आहेत काय? आणि वरच्या इयत्तांपर्यंत ती त्याच प्रमाणात टिकतात काय? हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात आकडेवारीसह मांडला. त्यांची ती पद्धत समजून घ्यावी आणि आज आपल्या जिल्ह्याला ती कशी लावता येईल ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१२ मार्च १९२७ चे भाषण

महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहाच्या अवघ्या आठ दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. शिक्षण खात्याच्या अहवालात मुंबई इलाख्यातील लोकांचे चार वर्ग केलेले होते : प्रगत हिंदू, मराठा व तत्सम जातींचा मध्यम वर्ग, अस्पृश्य व डोंगरी जमाती आदींचा मागास वर्ग, आणि मुसलमान. बाबासाहेबांनी या वर्गांचे दोन क्रम शेजारी शेजारी ठेवले. लोकसंख्येत मध्यम वर्ग पहिला, मागास वर्ग दुसरा, मुसलमान तिसरे आणि प्रगत हिंदू चौथे. शिक्षणात मात्र प्रगत हिंदू पहिले, मुसलमान दुसरे, मध्यम वर्ग तिसरा आणि मागास वर्ग चौथा.

त्यानंतर त्यांनी प्रमाण मांडले. प्राथमिक शाळेत आपापल्या दर हजार लोकसंख्येमागे प्रगत हिंदूंचे ११९, मुसलमानांचे ९२, मध्यम वर्गाचे ३८ आणि मागास वर्गाचे १८ विद्यार्थी होते. माध्यमिक शाळेत दर लाखामागे हेच आकडे अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४ असे होते. महाविद्यालयात मागास वर्गाचा विद्यार्थी जवळजवळ नव्हताच. हे आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचावेत. प्राथमिक पायरीवर पहिल्या आणि शेवटच्या वर्गातील अंतर सुमारे साडेसहा पट आहे, माध्यमिक पायरीवर ते दोनशे पटींहून अधिक होते. म्हणजे विषमता शाळेच्या दारापाशी सुरू होते आणि प्रत्येक पायरीगणिक वाढत जाते. याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात.

स्कूल बोर्डापासून जिल्हा परिषदेपर्यंत

वरील आकडे सबंध इलाख्याचे होते. शाळांचा कारभार मात्र स्थानिक संस्थांकडे जात होता. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने तो जिल्हा लोकल बोर्ड आणि नगरपालिका यांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ‘बोर्डाची शाळा’ हा शब्द येतो तो तेथूनच. १९४७ मध्ये नवा कायदा झाला. पुढे १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. कारभार जिल्ह्याच्या हाती असेल, तर तुलनाही जिल्हावार, तालुकावार व्हायला हवी. राज्याच्या सरासरीत आपल्या वस्तीतील मूल दिसत नाही.

याचे एक उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. अकोला जिल्ह्यात ते सुमारे २० टक्के, तर रत्नागिरीत सुमारे ४ टक्के आहे. समजा, दोन्ही जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांच्या पटावर या समाजाची मुले १२ टक्के आढळली. राज्याच्या सरासरीशी ताडून पाहणारा म्हणेल, दोन्हीकडे ठीक आहे. प्रत्यक्षात रत्नागिरीत हा वाटा लोकसंख्येच्या तिप्पट भरेल, आणि अकोल्यात ज्या वीस मुलांनी असायला हवे त्यांतील आठ मुले गळालेली असतील. नंदुरबारमध्ये अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक असून साक्षरता सुमारे ६४ टक्के आहे, तर राज्याची साक्षरता ८२ टक्के आहे. तेथील पटावर आदिवासी मुले निम्मी असली तरी ती कमीच ठरतील.

तुलना करताना घ्यावयाची काळजी

पहिली गोष्ट हद्दीची. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. २०११ चे ठाण्याचे आकडे आजच्या ठाण्याच्या पटाला लावले, तर पालघरमधील आदिवासी लोकसंख्या चुकीच्या जिल्ह्यात मोजली जाईल. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे जुन्या आकड्यांवर विसंबताना हे भान अधिकच ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट वयाची. शाळेच्या पटाची तुलना सर्व वयाच्या लोकसंख्येशी न करता मुलांच्या संख्येशी करावी. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण कामधंद्यासाठी पुरुष मुंबईकडे गेलेले होते. अशा जिल्ह्याची एकूण लोकसंख्या मुलांविषयी फारसे सांगत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या समाजाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. जनगणनेत धर्म आणि अनुसूचित जात यांची नोंद स्वतंत्रपणे होते. २०११ साली महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार होते, तर अनुसूचित जातींची लोकसंख्या १ कोटी ३२ लाखांहून अधिक होती. १९९० पासून केंद्रीय पातळीवरही अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश झाला, म्हणून अनेक माणसे दोन्ही आकड्यांत आहेत. या दोन संख्यांची बेरीज केली तर एकच माणूस दोनदा मोजला जातो. एकीच्या जागी दुसरी वापरली तर लाखो माणसे हिशेबाबाहेर राहतात.

चौथी गोष्ट पटाची. जिल्हा परिषदेच्या शाळेत दलित, आदिवासी मुलांचा वाटा वाढलेला दिसला की लगेच समाधान मानू नये. ऐपत असलेल्यांची मुले खासगी शाळांत गेल्यानेही तो वाढतो. म्हणून परिसरातील सर्व शाळांचे पट एकत्र पाहावेत. आपल्यासारख्या निवासी शाळेतील मुले दूरच्या तालुक्यांतून येतात. त्यांची गणना त्यांच्या मूळ गावाशी जोडली, तरच त्या गावाचे खरे चित्र मिळते.

आपण काय करू शकतो

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. त्याच्या नवव्या कलमानुसार आपल्या हद्दीतील १४ वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. एकविसाव्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि त्यांत दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. म्हणजे मोजणीचा आधार आणि प्रश्न विचारण्याची जागा, दोन्ही कायद्याने दिलेली आहेत.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावापुरते एवढे करून पाहावे. वस्तीतील सहा ते चौदा वयाची मुले मोजावीत. पहिली, पाचवी, आठवी आणि दहावीच्या पटावर त्यांतील किती आहेत ते पाहावे. मुलींचा आकडा वेगळा काढावा. ज्या इयत्तेला वाटा एकदम घसरतो, तेथे कारण शोधावे. गावची शाळा चौथीपर्यंतच असेल, पुढच्या शाळेसाठी एस.टी. नसेल, वसतिगृहात जागा नसेल किंवा ऊसतोडीसाठी कुटुंब स्थलांतरित होत असेल. प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे आणि त्याची मागणीही वेगळ्या कार्यालयात करावी लागते.

शिक्षकांची पदे संचमान्यतेत पटावरून ठरतात, आणि कमी पटाच्या शाळा बंद करण्याची चर्चाही पटावरूनच होते. जे मूल मोजले गेले नाही, त्याच्यासाठी वर्गखोली मागता येत नाही. १९२७ साली बाबासाहेबांना सरकारी अहवालातून आकडे शोधून काढावे लागले. आज ते आपल्या ग्रामपंचायतीत, शाळेच्या हजेरीपटात आणि जनगणनेच्या तक्त्यांत उपलब्ध आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम आता या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाचे आहे.