एका यंत्रात अनेक संगणक

मध्य प्रदेशच्या वीजनिर्मिती आणि वीजपारेषण कंपन्यांची मुख्यालये जबलपूर येथे आहेत. शहराजवळ नर्मदेवरील बरगी धरणाच्या पाण्यापासून वीज निर्माण केली जाते. ही मोलाची वीज कार्यालयांतील सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांना माहिती व सेवा पुरवणारे संगणक, अहोरात्र वापरतात. विशेष म्हणजे काम अत्यल्प असतानाही सर्व्हरला बरीच वीज लागते.

विशिष्ट सॉफ्टवेअरच्या साहाय्याने एकाच यंत्रात अनेक स्वतंत्र सर्व्हर चालवता येतात. यास ‘आभासीकरण’ म्हणतात. 1960 च्या दशकात विकसित झालेले हे तंत्र 2000 नंतर सामान्य सर्व्हरवरही रुळले.

समजा, प्रत्येकी 300 वॅट वीज घेणारे 10 सर्व्हर आहेत. त्यांना दिवसाला 72 युनिट वीज लागते. तेच काम 400 वॅटच्या 2 सर्व्हरवर आणल्यास सुमारे 19 युनिट पुरतात. शिवाय उष्णता घटल्याने वातानुकूलनाची वीजही वाचते.

मात्र एक यंत्र बिघडल्यास त्यावरील सर्व कामे एकदम ठप्प होतात. म्हणून दुसऱ्या यंत्रात तो भार पेलण्याची क्षमता राखून ठेवावी लागते. काटकसर आणि सावधगिरी यांची सांगड हवी.

पाठगत प्रश्न
1. आभासीकरण म्हणजे काय?
2. वरील उदाहरणात दररोज सुमारे किती युनिट वीज वाचते?