सोने व त्याची परीक्षा

सोने हे एक मूलद्रव्य आहे. त्याचे कितीही बारीक तुकडे केले तरी ते सोनेच राहते. लॅटिन भाषेत त्याला ऑरम म्हणतात. त्याचा अणुक्रमांक ७९ आहे. अणुक्रमांक म्हणजे काय ते मोठ्या वर्गात येते, म्हणून मी इथे लिहीत नाही.

सोने फार जड असते. एक लिटरच्या मापात पाणी १ किलो भरते, पितळ साडेआठ किलोच्या आसपास, आणि सोने १९ किलोच्या वर! ते १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. एक ग्रॅम सोने ठोकून ठोकून एक चौरस मीटर पातळ पत्रा होतो. गुरुजींनी फरशीवर खडूने तेवढा चौकोन काढला, त्यात आम्ही चौघे मांडी घालून बसलो.

विळा गंजतो, तांब्याची घागर काळी पडते, चिंचेने घासावी लागते. सोन्याला हवापाण्याने काही होत नाही. पण शुद्ध म्हणजे २४ कॅरट सोने मऊ असते. म्हणून दागिन्यात २४ भागांपैकी २२ भाग सोने आणि बाकी तांबे, चांदी घालतात. हॉलमार्कच्या दागिन्यावर ९१६ असेल तर ते २२ कॅरट. म्हणजे हजारात ९१६ भाग सोने.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. मागच्या साली आईची पोत गहाण होती. ती सुटून आली तेव्हा आजी म्हणाली, "मणी तेच हायेत का बदलले, कुणाला ठावं." आईला रात्रभर झोप आली नाही. सकाळी आम्ही सोनारकाकांकडे गेलो.

त्यांच्याकडे काळा गुळगुळीत दगड असतो. त्याला कसोटी म्हणतात. काकांनी त्यावर मणी घासून रेघ काढली. शेजारी खात्रीच्या २२ कॅरट सोन्याच्या काडीची रेघ काढली, आणि मला दाखवायला एक पितळेच्या किल्लीची. मग वर तेजाबाचा थेंब सोडला. तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल. ते तांबे, पितळ, चांदी खाते, सोने खात नाही. किल्लीची रेघ बघता बघता गेली. मण्याची आणि काडीची तशीच पिवळी राहिली. आई काहीच बोलली नाही, तिने तिथेच पोत गळ्यात घातली.

काका म्हणाले, "मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. पोत मोडताना लाखेचं वजन वजा होतं, ते आधी विचारून घ्यावं." हे आजीलाही माहीत नव्हते.

सोने विरघळवायचे तर एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र करतात. त्या मिश्रणाला अम्लराज म्हणतात. त्याला हात लावायचा नसतो.

कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात हट्टी येथे सोन्याची खाण आहे. १९४७ साली तिथे हैदराबाद गोल्ड माइन्स ही कंपनी निघाली. तेव्हा रायचूर आणि आपला बीड जिल्हा दोन्ही निजामाच्या संस्थानात होते. कोलारची खाण २००१ साली बंद पडली, हट्टीची चालू आहे. तिथे दगड दळून सोने काढतात. सोनाराच्या दुकानातली धूळसुद्धा वाया जात नाही. ती पाण्यात धुतली की माती वाहून जाते आणि जड सोने तळाला बसते. हे काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणतात.