अगस्ती, वसिष्ठ आणि काकड्याची पहाट

रेवदंड्याकडे एका कोळीवाड्यात आम्ही अगस्तीच्या समुद्रप्राशनाचे आख्यान लावले होते. कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारे तांडेल पुढे आले नि म्हणाले, "बुवा, त्यानं दर्या प्याला, मंग आमी जाली टाकतो कशान?" मंडळी हसली, आम्हांस मात्र प्रश्न आवडला. उत्तर महाभारताच्या वनपर्वात आहे. वृत्रवधानंतर कालेय दैत्य दिवसा समुद्रात दडत आणि रात्री ऋषींना मारीत. अगस्तीने पाणी पिऊन टाकले, दैत्य उघडे पडले. पुढे देवांनी पाणी परत मागितले, तर मुनी म्हणाले, ते केव्हाच जिरले! भगीरथाने गंगा आणली तेव्हा समुद्र पुन्हा भरला.

तांडेलांचे समाधान झाले. मग त्यांनीच आम्हांस बाहेर नेऊन अंधारात दक्षिणेकडे बोट दाखविले, "त्यो बघा तुमचा अगस्ती." चाळीस वर्षे हे आख्यान सांगितले, पण तारा कधी कोणाला दाखविला नव्हता, खरे ते सांगितले पाहिजे.

वाचकहो, आपल्या अष्टागरातून हा तारा वैशाखात तिन्हीसांजेनंतर दक्षिण-नैर्ऋत्येस समुद्रातच उतरतो, आणि पुढे दिसेनासा होतो. मृग लागतो, होड्या वर ओढतात, आषाढी होते, तरी त्याचा पत्ता नाही. श्रावणात तो पहाटे डोंगराच्या अंगाने पुन्हा उगवू लागतो, पण ढगांमुळे डोळ्यांस पडतो तो बहुधा भाद्रपदात. तोवर दर्याला नारळ वाहून झालेला असतो, गढूळ पाणी निवळू लागलेले असते. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात अगस्त्योदयाने पाणी निवळते म्हटले ते यावरूनच. तारा काही पाणी निवळीत नाही हो. तो सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर आहे. पाऊस ओसरल्याची ती खूण.

वसिष्ठ त्याचा भाऊ, दोघेही मैत्रावरुणी. एक दक्षिणेस, दुसरा उत्तरेस सप्तर्षींत. शेपटीच्या टोकाला मरीचि, त्याच्या अलीकडचा वसिष्ठ, आणि त्याला बिलगून बारीकशी अरुंधती. लग्नात वधूवरांना दाखवितात तीच. ऋषिपंचमीला सातांबरोबर तिचेही पूजन होते.

आता कार्तिकात काकड्याला उठाल तेव्हा एवढे करा. पहाटे चारच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून हात लांब करा व मूठ धरा. एक मूठ म्हणजे अदमासे १० अंश. अलिबागेस अगस्ती क्षितिजावर साडेअठरा अंश, दोन मुठींना थोडा कमी. पाठ फिरवा, ध्रुवही जवळजवळ तितकाच! ईशान्येस सप्तर्षी उगवत असतात. पंढरपुरास गेलात तर ध्रुव सुमारे एक अंश खाली जातो आणि अगस्ती तितकाच वर येतो. विंध्य नमवून मुनी दक्षिणेस आले ते परतले नाहीत, ही कथा इथे आठवल्याशिवाय राहात नाही. कथेवरून ताऱ्याला नाव पडले की ताऱ्यावरून कथा झाली, हा वाद पंडितांनी घालावा. आमचे मत पहिल्या बाजूचे.

तांडेलांच्या नातवाच्या होडीवर जीपीएस आहे. त्याला हा तारा ठाऊक नव्हता. गेल्या कार्तिकात काकडा झाल्यावर त्याने मूठ धरून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, आणि आजोबांना म्हणाला, "दोनाला कमीच."